लॅबच्या मशीनवर ब्रोकन पॅकेजेस: बिघाड आपल्याकडचा की भांडारातला, आणि नोंद कशी ठेवायची?

खानापूर_लॅब

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका शाळेत १८ मशीनची लॅब आहे. १२ मशीनवर उबंटू लिनक्स २४.०४ (सगळी २२.०४ वरून अपग्रेड केलेली), ६ वर डेबियन लिनक्स १२. मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग लागतं, म्हणून आयबस (वेगवेगळ्या भाषांचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) सगळीकडे आहे. सध्या पुढच्या गोष्टी अडल्यात.

उबंटूच्या पाच मशीनवर काही पॅकेजेस "केप्ट बॅक" म्हणून, म्हणजे अपडेट न होता, मागे राहतात. शेजारच्या मशीनवर तीच पॅकेजेस काही न बोलता बसली. दोन मशीनवर जुन्या प्रिंटरचं .डेब (पॅकेजची फाइल) "अनमेट डिपेंडन्सीज" (लागणारं दुसरं पॅकेज नाही) म्हणून अडतं, लिबएसएसएल१.१ ही लायब्ररी मागतं. डेबियनच्या एका मशीनवर अपग्रेड चालू असताना वीज गेली. आता कोणतीही एपीटी आज्ञा (एपीटी पॅकेजेस उतरवतं, डीपीकेजी ती मशीनवर बसवतं) दिली की "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". आणि एका मशीनवर नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) बसताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येऊन सगळं थांबतं.

एकेक मशीन धरून दुरुस्त करता येईल, पण मला कायमची पद्धत हवी आहे. कोणत्या मशीनवर काय मोडलंय याची नोंद कशी ठेवायची? आणि बिघाड आपल्या मशीनवरचा आहे की मुळात डेबियन-उबंटूच्या भांडारातच (पॅकेजेस जिथून उतरतात तिथेच) आहे, हे कसं ओळखायचं?

इथे रोमन अक्षरं नीट उमटत नाहीत, तेव्हा आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. टर्मिनलवर मी रोमनमध्ये टाइप करेन.

---

हिरण्यकेशी

सर, चारही तक्रारींना एकच "ब्रोकन" हे नाव दिलंत तर नोंदवहीचा उपयोग होणार नाही. यात तीन वेगळे प्रकार आहेत. पॅकेज मशीनवर अर्धवट बसलंय, हा पहिला. पॅकेज धड आहे पण त्याला लागणारं दुसरं पॅकेज मिळत नाही, हा दुसरा. पॅकेज व्यवस्थित बसलंय पण प्रोग्रॅम चालत नाही, हा तिसरा. पहिला डीपीकेजीला माहीत असतो, दुसरा एपीटीला. तिसरा दोघांनाही कळत नाही, तो माणसालाच सांगावा लागतो.

वीज गेलेलं मशीन पहिल्या प्रकारातलं. डीपीकेजी दोन टप्प्यांत काम करतं: आधी फाइली उलगडून जागेवर ठेवतं, मग पॅकेजची स्क्रिप्ट चालवून ते कॉन्फिगर करतं. वीज मधे गेली की काही पॅकेजेस पहिल्या टप्प्यावर राहतात. "डीपीकेजी -एल" च्या डाव्या रकान्यात दोन अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर म्हणजे आपल्याला काय हवंय, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय झालंय. "आय आय" असेल तर ठीक. "आय यू" म्हणजे नुसतं उलगडलेलं, "आय एफ" म्हणजे अर्धवट कॉन्फिगर झालेलं, "आय एच" म्हणजे अर्धवट बसलेलं. तिसरं अक्षर "आर" दिसलं तर पॅकेज नव्याने बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. "आर सी" बघून घाबरू नका, ते काढून टाकलेलं पॅकेज आहे, फक्त त्याच्या कॉन्फिग फाइली मागे राहिल्यात.

क्रम असा ठेवा:

डीएफ -एच
सुडो डीपीकेजी --ऑडिट
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

आधी डिस्कवर जागा आहे का ते बघायचं, कारण जागा नसेल तर पुढची प्रत्येक आज्ञा नवा अर्धवटपणा तयार करते. ऑडिट काहीच न छापता परत आलं तर पहिला प्रकार तिथेच निकालात. कॉन्फिगर आधी आणि फिक्स-ब्रोकन नंतर, यालाही कारण आहे. कॉन्फिगर नवीन काही उतरवत नाही, काही काढतही नाही, उलगडून ठेवलेलं तेवढं पूर्ण करतं. फिक्स-ब्रोकन मात्र गाठ सोडवण्यासाठी पॅकेजेस काढायचा प्रस्ताव देऊ शकतं. "विल बी रिमूव्हड" खालची यादी शेवटपर्यंत वाचा. तिथे डेस्कटॉप किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर "एन" दाबून बाहेर या.

वीज गेल्यावर आणखी दोन बिघाड हमखास दिसतात. एक, "फाइल्स लिस्ट फाइल... इज मिसिंग फायनल न्यूलाइन". म्हणजे /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधली त्या पॅकेजची .लिस्ट फाइल रिकामी किंवा अर्धी लिहिली गेली. तेवढी एकच फाइल बाजूला हलवा आणि लगेच त्याच पॅकेजला "एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल" द्या. डीपीकेजी कुरकुर करेल पण यादी नव्याने लिहील. दुसरा, मुख्य /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस फाइलच वाचता येत नाही. शेजारी स्टेटस-ओल्ड असते, ती आधीची प्रत. तीही खराब असेल तर /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० आणि त्यापूर्वीच्या दाबलेल्या प्रती मिळतात. जुनी प्रत ठेवल्यावर /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग चं शेपूट बघा. त्या प्रतीनंतर जी पॅकेजेस बसली ती लॉगमध्ये तारीख-वेळेसह असतात, तेवढी पुन्हा बसवायची.

सगळं झाल्यावर "डेबसम्स -सी" चालवा. कोणत्या फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण) जुळत नाही ते कळतं. वीज गेल्यामुळे शून्य बाइटची झालेली फाइल डीपीकेजीच्या नजरेत "आय आय" च असते, ती इथेच सापडते.

---

निपाणीकर

वरचं सगळं बरोबर. फक्त एक जोडतो, कारण आपल्याकडं हे लई होतंय. "कुड नॉट गेट लॉक" आलं की लोक इंटरनेटवरचं वाचून लॉकची फाइल पुसून टाकतात. तसं करू नका ओ. त्या संदेशातच कुठल्या प्रोसेसनं लॉक धरलंय त्याचा क्रमांक आणि नाव असतंय. बहुतेक वेळा ते अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारा प्रोग्रॅम) असतंय. फाइल पुसली तर दोन डीपीकेजी एकाच वेळी त्याच वहीत लिहायला बसतात, आणि मग वर सांगितलेली स्टेटस फाइल खराब व्हायचा प्रसंग येतो.

शाळेच्या लॅबमध्ये हे का होतं तेही बघा. रोजच्या अपग्रेडचा टायमर सकाळी ६ चा आहे, त्यात ६० मिनिटांपर्यंत आपोआप उशीर होतोय. रात्री मशीन बंद असलं तर चुकलेली वेळ मशीन चालू झाल्यावर भरून काढतो. म्हणजे दहाला मशीन चालू केलं की पहिल्या तासाला, मुलं बसलेली असताना, मागं अपग्रेड चालू. तास संपला की कुणीतरी मेन स्विच बंद करतंय. वीज गेल्याचा आणि मेन स्विच पाडल्याचा परिणाम एकच.

टायमर कायमचा बंद करा असं मी सांगणार नाही, सुरक्षेचे अपडेट त्यातूनच येतात. "सिस्टिमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर" ने वेळ बदला, लॅब रिकामी असते ती वेळ ठेवा. आणि मशीन मेन्यूतून शटडाउन झाल्यावरच स्विच पाडायचा, हे बोर्डावर लिहून लावा. अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये मिनिमल-स्टेप्स मुळातच चालू असतंय. ते काम बारीक तुकड्यांत करतंय, म्हणून नीट शटडाउन दिलं तर चालू तुकडा पुरा करून थांबतंय. स्विच पाडला तर त्याचा काय उपयोग?

मोठं अपग्रेड करताना उतरवणं आणि बसवणं वेगळं करा:

सुडो एपीटी-गेट --डाउनलोड-ओन्ली डिस्ट-अपग्रेड

हे भर दुपारी, वीज जाण्याच्या वेळेतही चालेल. अर्ध्यात तुटलं तर पुन्हा तिथून उतरतंय, मशीनला धक्का लागत नाही. मग यूपीएस चार्ज असताना --डाउनलोड-ओन्ली वगळून तीच आज्ञा द्या. बसवण्याचा वेळ तेवढाच धोक्याचा, तो असा कमीत कमी होतोय.

---

मार्कंडेय_काठ

"केप्ट बॅक" बद्दल. उबंटूमध्ये ते बहुधा बिघाड नसतोच. उबंटू अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही, टक्केवारीने टप्प्याटप्प्याने सोडतं. २१.०४ पासून एपीटी स्वतःच ही टक्केवारी पाळतं. तुमचं मशीन आजच्या टप्प्यात आहे की नाही हे पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि /ईटीसी/मशीन-आयडी या तिघांवरून ठरतं. प्रत्येक मशीनचा आयडी वेगळा, म्हणून शेजारशेजारच्या मशीनवर वेगळा निकाल. खात्री करायला:

एपीटी-कॅश पॉलिसी पॅकेजचं-नाव

आवृत्तीच्या ओळीत "फेज्ड" आणि टक्के दिसले तर काही करायचं नाही. काही दिवसांत आपोआप बसेल. त्या अपडेटमध्येच दोष निघाला तर उबंटू टप्पा थांबवतं, आणि तुमची मागे राहिलेली मशीन वाचतात. सगळी लॅब एकसारखी चालायला हवी असेल तर एपीटीच्या कॉन्फिगमध्ये एपीटी::मशीन-आयडी या नावाने सर्व उबंटू मशीनना एकच यूयूआयडी (ओळखक्रमांक) द्या. खरा /ईटीसी/मशीन-आयडी मात्र सारखा करू नका. एका मशीनच्या डिस्कची प्रतिमा काढून बाकीच्यांवर टाकताना तो चुकून सारखा राहिला तर आयपी पत्ता मिळताना मशीन एकमेकांत गुंततात.

टक्केवारी दिसली नाही आणि तरी पॅकेज मागे राहतंय, तर कारण वेगळं: नव्या आवृत्तीला एखादं नवीन पॅकेज बसवावं लागतं किंवा जुनं काढावं लागतं, आणि "एपीटी-गेट अपग्रेड" यातलं काहीच करत नाही. आधी नुसतं "एपीटी-गेट -एस डिस्ट-अपग्रेड" देऊन बघा. त्यात प्रत्यक्ष काही बसत नाही, काय घडेल ते छापून येतं.

आता प्रिंटरचं .डेब. लिबएसएसएल१.१ उबंटूच्या भांडारात २२.०४ पासूनच नाही, कारण २२.०४ ओपनएसएसएल ३ वर गेलं (लिबएसएसएल ही त्या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरचीच लायब्ररी). म्हणजे ते .डेब तुमच्या मशीनवर मोडलेलं नाही, त्याची निर्मिती जुन्या पायावर झाली आहे. २०.०४ च्या भांडारातून लिबएसएसएल१.१ उचलून बसवण्याचा सल्ला जागोजागी दिसेल. तो घेऊ नका. ओपनएसएसएल १.१.१ ची मूळ देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, आणि उबंटू २०.०४ चा सर्वसाधारण आधार २०२५ मध्ये. बसवलंत तर मशीनवर अशी लायब्ररी राहील जिच्यातली भोकं बुजवायला एपीटी कधीच येणार नाही. आधी प्रिंटर सीयूपीएसच्या (लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या) ड्रायव्हरलेस छपाईत दिसतो का पाहा, नाहीतर उत्पादकाचं नवं .डेब शोधा. दोन्ही नसेल तर तो प्रिंटर जुन्या पायावरच्या एका वेगळ्या मशीनला जोडून ते मशीन बाहेरच्या इंटरनेटपासून तोडलेलं बरं.

२४.०४ वर आणखी एक सापळा आहे. ३२-बिट यंत्रांवर सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो, त्यासाठी डेबियन १३ आणि उबंटू २४.०४ मध्ये पुष्कळ लायब्ररींची नावं बदलून शेवटी "टी६४" लावलं गेलं. उदाहरणार्थ, आवाजाच्या लिबअसाउंड२ चं लिबअसाउंड२टी६४ झालं. ६४-बिट मशीनवर नवं पॅकेज जुन्या नावाचीही जबाबदारी घेतं, म्हणून बहुतेक जुनी .डेब बसतात. पण लिबअसाउंड२ हे जुनं नाव आणखी एक पॅकेज पुरवतं: लिबओएसएस४-साल्सा-असाउंड२. "लिबअसाउंड२ इन्स्टॉल" दिलं तर एपीटी म्हणतं हे आभासी पॅकेज आहे, नेमकं कोणतं ते सांगा. .डेबच्या मागून ओढलं गेलं तर कधी हे साल्सावालं बसतं, आणि त्यात सगळी फंक्शन्स नसल्यामुळे प्रोग्रॅम "अनडिफाइन्ड सिम्बॉल" म्हणून पडतो. एपीटीच्या दृष्टीने डिपेंडन्सी पुरी झालेली असते. उपाय सरळ आहे: लिबअसाउंड२टी६४ स्वतः नाव घेऊन बसवा आणि साल्सा काढा.

---

हिरण्यकेशी

कर्नलचं राहिलं होतं. "नो स्पेस लेफ्ट" बहुधा मुख्य डिस्कचं नसून /बूट चं असतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर /बूट वेगळं आणि लहान विभाजन असतं, त्यात दोन-तीन कर्नल आणि त्यांच्या इनिट्रडी (मशीन सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाइली) मावतात. नवी इनिट्रडी लिहिताना जागा संपते, स्क्रिप्ट अपयशी होते, आणि लिनक्स-इमेज व इनिटरॅमएफएस-टूल्स दोन्ही "आय एफ" वर अडकतात.

डीएफ -एच /बूट
यूनेम -आर
डीपीकेजी -एल 'लिनक्स-इमेज-*'

यूनेम जी आवृत्ती दाखवतं ती चालू आहे, तिला हात लावायचा नाही. तिच्या आधीचं एक कर्नल परत फिरायला ठेवा. त्याहून जुनी असतील ती "एपीटी पर्ज" ने काढा. एपीटीच अडून बसलं असेल तर "डीपीकेजी --पर्ज" आणि त्या जुन्या कर्नलचं पूर्ण नाव द्या. त्याच आवृत्तीची मॉड्यूल्स-एक्स्ट्रा वगैरे पॅकेजेस त्यावर अवलंबून असतात, ती त्याच आज्ञेत एकत्र द्यावी लागतात. /बूट मधल्या फाइली थेट पुसू नका, कारण डीपीकेजीच्या वहीत ते कर्नल बसलेलंच राहील आणि पुढच्या वेळी त्याची इनिट्रडी परत तयार होईल. जागा झाल्यावर "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए".

स्क्रिप्ट अपयशी होण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सेवा सुरू न होणं. सेवेला लागणारं पोर्ट आधीच दुसऱ्या सेवेने धरलेलं असलं की पॅकेजची पोस्टइन्स्ट (फाइली उलगडल्यावर चालणारी) स्क्रिप्ट चूक परत करू शकते. स्क्रिप्टमध्ये वरती "सेट -एक्स" लिहून पुन्हा कॉन्फिगर चालवलं की कोणत्या ओळीवर थांबलं ते दिसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला "एक्झिट ०" घालून डीपीकेजीला गप्प बसवू नका. पॅकेज "आय आय" दिसेल, पण जे काम व्हायचं होतं ते झालेलंच नसेल, आणि तुमच्या नोंदवहीतून तो बिघाड नाहीसा होईल.

---

घटप्रभा

नोंदीची पद्धत सांगते. एका मशीनला मुख्य धरा, त्यावरून बाकीच्यांवर एसएसएचची (दुरून लॉगिन करायची) किल्ली ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक मशीनवर एवढं चालवून आउटपुट मशीनच्या नावाच्या फोल्डरमध्ये साठवा:

डीपीकेजी --ऑडिट
सुडो एपीटी-गेट चेक
एपीटी-मार्क शोहोल्ड
एपीटी लिस्ट '?ब्रोकन'
एपीटी लिस्ट '?ऑब्सोलीट'
डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू

प्रश्नचिन्हाचे शब्द एकेरी अवतरणात हवेत, नाहीतर शेल त्यांचा भलताच अर्थ लावतं. एपीटी दरवेळी "स्टेबल सीएलआय इंटरफेस" नाही अशी सूचना छापतं, ती चुकांच्या प्रवाहातून येते, तेवढा टाकून द्या. /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल आहे का तेही टिपा. अपडेट बसलंय पण मशीन अजून जुन्याच कर्नलवर चालू आहे, हे त्यावरून कळतं.

हे सगळं फोल्डर गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेवा. मग "गिट डिफ" दिलं की गेल्या आठवड्यापासून कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती बदलली ते ओळीनिशी दिसतं. एक मशीन चालतंय आणि दुसरं नाही, अशा वेळी दोघांची डीपीकेजी-क्वेरीची फाइल एकमेकांशी ताडून पाहणं हा सर्वांत जलद रस्ता आहे. आवृत्त्या सारख्या निघाल्या तर दोष पॅकेजमध्ये नाही, कॉन्फिगमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये शोधा.

'?ऑब्सोलीट' ची यादी तुमच्या उबंटू मशीनवर लांबलचक येईल. २२.०४ वरून २४.०४ वर जाताना बाहेरची सगळी भांडारं बंद केली जातात, पण त्यांतून आलेली पॅकेजेस तशीच राहतात. पुढची अर्धीअधिक "अनमेट डिपेंडन्सी" त्यांच्यामुळेच येते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हे कुणाला लागतं? "एपीटी-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड" ने उत्तर मिळतं. कुणालाच लागत नसेल तर काढा.

माणसाने लिहायची वही वेगळी. मशीन, पॅकेज, आवृत्ती, चुकीची ओळ जशीच्या तशी, हिरण्यकेशींनी सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणता, बग क्रमांक असेल तर तो. होल्ड केलं (पॅकेज आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवलं) असेल तर का केलं आणि कोणती आवृत्ती आल्यावर काढायचं, हे लिहिल्याशिवाय होल्ड करायचंच नाही. विसरलेला होल्ड पुढच्या मोठ्या अपग्रेडला अशी गाठ मारतो की ती एपीटीलाही सुटत नाही.

आता बिघाड भांडारातलाच आहे का? डेबियनमध्ये तीन गंभीर पायऱ्या आहेत: क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस. पॅकेज वापरण्याजोगंच राहिलं नाही तर ग्रेव्ह. त्याच्यामुळे संबंध नसलेलं दुसरं काही मोडतं तर क्रिटिकल. धोरणाचा गंभीर भंग असेल तर सीरियस. या तिन्हींतला बग असलेलं पॅकेज प्रकाशनात जायला अडतं. टेस्टिंगमध्ये (पुढचं प्रकाशन जिथे घडतं तिथे) जाण्याआधीही तपासणी असते: पॅकेज साधारणतः पाच दिवस अनस्टेबलमध्ये (नवी पॅकेजेस आधी येतात तिथे) राहतं, त्याच्या आपोआप चाचण्या होतात, आणि त्याच्यामुळे इतर काही बसवता येईनासं होत असेल तर ते पुढे जात नाही.

बगचं पान वाचताना इथे हमखास फसायला होतं: "डन" लिहिलंय म्हणजे माझ्या मशीनवर सुटलं असं नाही. डेबियनची बग यंत्रणा दोष कोणत्या आवृत्तीत सापडला आणि कोणत्या आवृत्तीत सुटला हे वेगवेगळं ठेवते. अनस्टेबलमध्ये सुटलेला दोष डेबियन १२ मध्ये तसाच असू शकतो. तुमची आवृत्ती "एपीटी-कॅश पॉलिसी" वरून घ्या, आणि "फाउंड" व "फिक्स्ड" च्या आवृत्त्यांशी ताडा. उबंटूच्या लाँचपॅडवरही (बग नोंदवायच्या साइटवरही) तसंच. वरची "फिक्स रिलीज्ड" ही ओळ विकासातल्या आवृत्तीची असू शकते. २४.०४ साठी "नोबल" (तिचं टोपणनाव) ची ओळ शोधा. तिथे "फिक्स कमिटेड" असेल तर दुरुस्ती प्रपोज्ड भांडारात आहे, किमान सात दिवस चाचणीत राहते, मग तुमच्यापर्यंत येते.

पॅकेज का बसत नाही हे एपीटीच्या तुटक संदेशातून कळलं नाही तर "ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट" वापरून बघा. त्याहून खोल जायचं तर डोस-डिस्टचेक पॅकेजमधलं डोस-डेबचेक आहे. त्याला --एक्सप्लेन --फेल्युअर्स आणि पॅकेजचं नाव दिलं की कोणती डिपेंडन्सी कोणत्या विरोधात अडकली त्याची साखळी ते छापतं. एपीटीचं स्पष्टीकरण तोकडं पडतं याला कारण आहे. पर्यायी डिपेंडन्सी आणि परस्परविरोध असले की पॅकेज बसू शकेल का हा प्रश्नच एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे दरवेळी झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नाही. एपीटी व्यवहारात झटपट उत्तर देतं, पण "नाही" का, ते शेवटपर्यंत सांगत नाही.

---

निपाणीकर

घटप्रभा ताई, १८ मशीन वेगवेगळी उतरवत बसली तर गावाकडच्या लाइनवर दिवस जायचा. मुख्य मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी ठेवा, पोर्ट ३१४२. पॅकेज एकदा उतरतं, बाकीच्यांना लॅनवरून मिळतं. दुसरा फायदा म्हणजे वही सोपी होते, सगळ्यांना त्याच फाइली.

---

घटप्रभा

हो, पण दोन गोष्टी बघाव्या लागतात, निपाणीकर काका. एचटीटीपीएसवरची बाहेरची भांडारं त्यातून सरळ जात नाहीत, त्यांची वेगळी व्यवस्था लावावी लागते. आणि कॅशमध्ये एखादी फाइल अर्धवट साठली तर सगळ्याच मशीनवर "हॅश सम मिसमॅच" (फाइल आणि तिची खूण जुळत नाही) येतो. तेव्हा प्रत्येक मशीनवरच्या /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स पुसून काही होत नाही. कॅशरच्या व्यवस्थापन पानावरून खराब फाइली शोधून काढायच्या. एकाच मशीनवर मिसमॅच असेल तर मात्र त्याच मशीनच्या लिस्ट्स रिकाम्या करून "एपीटी अपडेट" पुरतं. चूक किती मशीनवर दिसते, यावरूनच ती कुठे आहे ते कळतं.

---

खानापूर_लॅब

वीज गेलेलं आणि कर्नलवालं, दोन्ही मशीन सुरळीत झाली. पाचपैकी चार मशीनवर "फेज्ड" दिसतंय, तिथे हात लावलेला नाही. पाचव्यावर कुणीतरी जुना होल्ड ठेवलेला सापडला. आणखी एक: अपग्रेडनंतर दोन मशीनवर आयबसमधून मराठी आणि कन्नड दोन्ही गायब आहेत. ऑडिट स्वच्छ, '?ब्रोकन' रिकामं. हा तिसरा प्रकार ना?

---

मार्कंडेय_काठ

हो, तिसराच. पॅकेजेसपासून सुरू करा: आयबस-एम१७एन आणि एम१७एन-डीबी दोन्ही "आय आय" आहेत का? इंजिन आयबस-एम१७एन मध्ये, आणि मराठी-कन्नडचे कळनकाशे एम१७एन-डीबी मध्ये. "डेबसम्स एम१७एन-डीबी" स्वच्छ आलं तर नकाशे जागेवर आहेत. मग

आयबस लिस्ट-इंजिन

यात एम१७एन:एमआर आणि एम१७एन:केएन ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. मराठीला इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक, कन्नडला केजीपी आणि इन्स्क्रिप्ट हे नकाशे दिसायला हवेत. कन्नड टायपिंग शिकलेली मुलं बहुधा केजीपीवाली असतात, त्यांना इन्स्क्रिप्ट देऊन चालणार नाही. ओळी दिसल्या तर पॅकेज ठीक आहे, त्या वापरकर्त्याच्या सेटिंगमधून इनपुट सोर्स निघून गेलाय, परत जोडा. ओळीच दिसल्या नाहीत तर "आयबस राइट-कॅश", मग "आयबस रीस्टार्ट". तरीही नाही तर नवा वापरकर्ता तयार करून त्याच्यात बघा. नव्यात चालतं आणि जुन्यात नाही, म्हणजे जुन्याच्या घरातल्या .कॅश/आयबस आणि आयबसच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीचं काही उरलंय.

नव्या वापरकर्त्यातही चाललं नाही, आणि दोन्ही मशीनवर आवृत्त्या चालणाऱ्या मशीनसारख्याच असल्या, तर वेलँड आणि एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या दोन यंत्रणा) या दोन्ही सत्रांत लॉगिन करून बघा. एकात चालतं आणि दुसऱ्यात नाही असं निघालं तर तेच बगमधलं महत्त्वाचं वाक्य.

---

घटप्रभा

आणि तसा बग निघाला तर कळवाच. मराठी-कन्नड दोन्ही एकत्र वापरणारी माणसं थोडी, आपण कळवलं नाही तर तो दोष कुणाच्या डोळ्यांसमोर यायचाच नाही. उबंटूवर "उबंटू-बग आयबस-एम१७एन" द्या, लॉग आपोआप जोडले जातात. पॅकेज बाहेरच्या भांडारातलं असेल तर ते "अधिकृत पॅकेज नाही" म्हणून नकार देतं, तेव्हा आधी पॉलिसी बघून घ्या. डेबियनवर "रिपोर्टबग आयबस-एम१७एन". मजकुरात तीनच गोष्टी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कोणता नकाशा, कोणतं सत्र, कोणती कळ दाबल्यावर कोणतं अक्षर आलं हे नेमकं लिहा. कन्नडचं अक्षर बिघडत असेल तर ते अक्षर युनिकोड क्रमांकासह द्या, कारण पलीकडच्या माणसाकडे कन्नडचा फॉन्ट असेलच असं नाही. मिळालेला बग क्रमांक वहीत त्या मशीनच्या ओळीसमोर लिहा, आणि त्या बगला स्वतःला सबस्क्राइब करा, म्हणजे दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आली ते थेट मेलवर येईल.